वल्ही मारताना कंबर सांभाळा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषणाचा सराव नाही. पण गेली तीन वर्षे मी व्यायामशाळेत जाते व तेथील वल्ही मारण्याच्या यंत्रावर बसते, म्हणून चिटणीसबाईंनी मलाच उभे केले.

आपल्यापैकी कितीजणी हौसेने त्या यंत्रावर बसल्या आणि पंधरा दिवसांत कंबर धरून घरी बसल्या! मग “सांगितले नव्हते का?” म्हणायला घरची माणसे टपलेलीच असतात, आणि व्यायामशाळा कायमची सुटते. ती सुटू नये एवढ्याचसाठी हे बोलणे.

यंत्राला रुळावर सरकणारी बैठक असते, पाय अडकवायला पट्टे असतात, आणि साखळीला एक दांडा असतो. दांडा हातात येतो म्हणून आपण हातांनी आणि पाठीने ओढू लागतो. खरी गोम येथेच आहे. हे काम पायांचे आहे.

आधी पायांनी ढकलावे. पाय सरळ होत आले की धड किंचित मागे न्यावे. दांडा बरगड्यांशी आणायचा तो सर्वांत शेवटी. परतताना उलट: हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे. पुष्कळजणींची बैठक आधीच मागे पळते आणि दांडा जागच्या जागी राहतो. मग सारा भार कंबरेवर येतो. पुढे येताना नडग्या उभ्या झाल्या की थांबावे. आणखी पुढे जायचा हव्यास धरला की कंबर गोल होते.

लवायचे ते खुब्यातून. दार बिजागरीपाशी फिरते, फळी वाकत नाही, तसे. भरलेला हंडा उचलताना शहाणी बाई गुडघ्यात बसते आणि हंडा अंगाशी धरून उठते, तीच ही रीत.

चक्राच्या कडेला १ ते १० आकड्यांची कळ असते. ती दहावर नेण्यात काही मर्दुमकी नाही. तिने फक्त चक्रात हवा किती शिरते ते ठरते. ३ ते ५ आपल्याला पुष्कळ. आरंभी पाच-दहा मिनिटे, मिनिटाला २० च्या आसपास वल्ही. सवय झाली तरी सलग अर्ध्या तासापलीकडे जाऊ नये, कारण थकल्यावर पाठ आपोआप वाकते.

झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्याबरोबर यंत्रावर बसू नये. तासभर तरी जाऊ द्यावा. त्या तासात वाकून केरही काढू नये. तो घरातल्या दुसऱ्या कोणी काढला तर आभाळ कोसळत नाही!

आपल्या नाशिक जिल्ह्याचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेले, तो हाच खेळ. त्या खेळाडूंतही सर्वांत अधिक दुखणारी जागा कंबरच. तेव्हा दुखले तर लाजू नका, पण रेटूही नका. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, तर बंद करून डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

दुपारी तीनच्या सुमारास यंत्र रिकामे असते. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शनिवारी यावे. साडी नको, पंजाबी पोशाख घालावा, कारण पदर रुळात अडकतो.