उंच चिमणीचा पाया गोल का असतो?

नागपूरहून सावनेरकडे निघालं की कोराडीच्या चिमण्या दिसायला लागतात. तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. ५०० मेगावॉट आणि त्यापुढच्या संचांसाठी आपल्याकडे २७५ मीटर चिमणीचा नियम होता. म्हणजे जवळपास पावणेचार कुतुबमिनार एकावर एक! फोटो सगळे वरचा काढतात. आज आपण खाली बघू, कारण अशा चिमण्यांखाली बहुतेक वेळा गोल किंवा कड्यासारखा राफ्ट असतो. तो गोलच का?

सिटी बसमध्ये उभं राहताना आपण पाय फाकवतो. पण पाय डावी-उजवीकडे फाकवले आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला, तर तोल जातोच. चिमणीचंही तसंच आहे. वारा कुठून येईल हे तिला माहीत नसतं. आयएस ८७५ च्या नकाशात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. वर जावं तसा तो वाढतो. चौकोनी पाया बाजूच्या दिशेने तगडा असतो, पण कर्णाच्या दिशेने कमी पडतो. तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल पाया सगळीकडून सारखा.

आता थोडं गणित, घाबरू नका. समजा चिमणी आणि पाया मिळून वजन २०,००० टन आहे आणि वाऱ्यामुळे तळाशी ६०,००० टन-मीटरचा मोमेंट येतो. भागाकार करा, ३ मीटर. म्हणजे वारा असताना सगळं वजन जणू मध्यापासून ३ मीटर सरकून बसतं. भरीव गोल पायाचा नियम असा, की हे सरकणं व्यासाच्या आठव्या भागाच्या आत असेल, तर पाया कुठेच जमिनीवरून उचलत नाही. म्हणजे इथे किमान व्यास २४ मीटर. पण २४ वर एका कडेला दाब शून्य आणि समोरच्या कडेला चौरस मीटरला ८८ टन! व्यास ३० मीटर केला, की तेच आकडे साधारण ६ आणि ५१ होतात. सहा मीटरने केवढा फरक पडला बघा.

मग मधला भाग रिकामा ठेवला तर? बाहेरच्या व्यासाच्या ६० टक्के व्यासाचं भोक ठेवलं, तर क्षेत्रफळ ३६ टक्के वाचतं, पण वाकवणाऱ्या जोराला तोंड द्यायची ताकद फक्त १३ टक्के कमी होते. कारण खरं काम कडा करतात. अशा पायासाठी आपल्याकडे आयएस ११०८९ हे वेगळं मानकच आहे. पण फुकट काही मिळत नाही भाऊ. वजन तेच आणि जागा कमी, म्हणून जमिनीवरचा सरासरी दाब दीडपटीहून जास्त होतो. खाली खडक किंवा घट्ट मुरूम असेल तर ठीक. आपली काळी माती असेल तर? ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवायचाच नाही, ती काढून खाली जायचं किंवा पाइल घ्यायच्या.

गोल आकार मातीचा दोष झाकत नाही, याचा जगप्रसिद्ध पुरावा म्हणजे पिसाचा मनोरा. ११७३ मध्ये काम सुरू झालं. त्याचा पायाही कड्यासारखाच आहे! आकार बरोबर होता, पण खालची माती मऊ होती आणि दक्षिणेकडे जास्त दबली. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. मग उत्तरेकडच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून कल कमी केला आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. ज्या बाजूला झुकलाय तिथे टेकू न लावता उलट बाजूची माती काढली!

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही. २३ सप्टेंबर २००९ ला आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, कोरब्याला, बांधकाम सुरू असलेली चिमणी कोसळली. किमान ४० कामगार गेले. ती पायामुळे पडली असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की उंच बांधकामात कुठल्याही टप्प्यावर चूक झाली, तर किंमत खाली उभा असलेला माणूस मोजतो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बग निघाला की रात्री पॅच टाकतो, सकाळी सगळं सुरू. पायावर एकदा माती भरली, की पॅच नाही. म्हणून गावात पाण्याची टाकी होत असेल, घरी प्लॉटवर बांधकाम निघालं असेल, तर दोनच प्रश्न विचारा. सॉइल रिपोर्ट आहे का? आणि पाया नेमका कशावर टेकतोय? विचारायची वेळ खड्डा उघडा असेपर्यंतच असते, बरं का!

भेटू पुढच्या भागात.