शिकारीसाठी गाइड ठरवताय? आधी हे विचारा

आजचा विषय जरा वेगळा आहे. शिकार! भारतात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदीच आहे. पण आपली कितीतरी मुलंमुली अमेरिकेत शिकतायत, नोकरी करतायत. तिथे लायसन्स काढून शिकार करता येते. ऑफिसातला एखादा मित्र म्हणतो, "चल कोलोरॅडोला, एल्कच्या शिकारीला!" एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जाणार असाल, तर गाइड, तंबू, घोडे, जेवण असं सगळं पुरवणाऱ्या आउटफिटरला पैसे देण्याआधी थोडं थांबा.

सगळ्यात आधी बंदुकीचं बघू. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. यातून सुटका देणारा एक मुख्य अपवाद म्हणजे तुमच्या नावाचं वैध शिकार लायसन्स. म्हणून कोणी म्हणालं, "लायसन्सचं नंतर बघू", तर सरळ फोन ठेवा. पणाला तुमचा व्हिसा लागतो, त्याचा धंदा नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा.

दुसरं, आउटफिटर खरा आहे का? कोलोरॅडोत त्याची सरकारी नोंदणी लागते. मोंटाना, आयडाहो, वायोमिंगमध्ये परवाने देणारी मंडळं आहेत. राज्याच्या सरकारी वेबसाइटवर नाव शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. काही ठिकाणी गाइड सक्तीचाच असतो. अलास्कात अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसलेल्याला मोठ्या प्राण्यांची शिकार गाइडशिवाय करता येत नाही.

तिसरं, करार लेखी हवा. लायसन्सची फी, टिप, मांस कापून पॅक करण्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का? बऱ्याच ठिकाणी लायसन्स सोडतीने मिळतं. नंबर लागलाच नाही, तर ॲडव्हान्स परत मिळणार का? एका गाइडबरोबर किती जण असणार? आणि फोनवर गोड बोलणारा मालक प्रत्यक्ष जंगलात येणार, की दुसराच कोणी?

चौथं, "हमखास शिकार मिळेल" असं म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. रानातल्या जनावराची गॅरंटी कोण देणार? गेल्या तीन सीझनमध्ये किती जण आले आणि किती जणांना शिकार मिळाली, ते विचारा. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागा. त्यातला एक तरी रिकाम्या हाताने परतलेल्याचा हवा. त्याच्याशी हे लोक कसे वागले, यावरून खरं काय ते कळतं.

शेवटी स्वतःकडे बघा. कळसूबाई साधारण ५,४०० फूट. कोलोरॅडोत एल्कच्या मागे ८,००० ते १०,००० फुटांवर चालावं लागतं, तिथे हवा विरळ असते. मोठा नर एल्क ३०० किलोच्या आसपास भरतो. खाण्याजोगं मांस वाया घालवणं कायद्याला चालत नाही, त्यामुळे ते खाली कोण आणि कसं आणणार, हेही आधीच ठरवा. आपला दम किती आहे ते गाइडला खरं खरं सांगा, लाजू नका.

आणि हो, जंगलात "गाइडने सांगितलं म्हणून गोळी झाडली" हे उत्तर वनअधिकाऱ्यापुढे चालत नाही. चाप ओढणारं बोट तुमचंच असतं. खात्री वाटत नसेल, तर बंदूक खाली घ्या. पैसे भरलेत म्हणून गोळी झाडलीच पाहिजे, असं थोडंच आहे!

हे प्रश्न मोबाइलच्या नोट्समध्ये उतरवून ठेवा आणि अमेरिकेतल्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!