न उघडणारा लॅपटॉप

श्रोतेहो, घरांतील कंदील लागेना तर आपण आधीं तेल पाहतों, मग वात पाहतों; कंदील फेंकून देत नाहीं. परंतु जुना लॅपटॉप सुरू होईना, कीं भले भले सुशिक्षित गृहस्थही हतबुद्ध होतात, आणि ‘गेला!’ एवढाच शब्द उच्चारून नव्या यंत्राच्या खर्चाचा हिशेब मांडूं लागतात. या घाईपायीं पैशांहून मोलाची वस्तु कशी हातची जाऊं शकते, हें आज सांगावयाचें आहे.

माढ्यास आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. सारे त्यांस गुरुजी म्हणतात. वैशाखांतील एके सकाळीं ते आपला दहा वर्षांचा लॅपटॉप काखेंत घेऊन आले. बटण कितीही दाबलें तरी दिवा नाहीं, पंख्याचा आवाज नाहीं. एका दुकानदारानें तो न उघडतांच “मदरबोर्ड गेला, भंगारांत टाका,” असें सांगितलें होतें. गुरुजींना यंत्राचें दुःख नव्हतें. दिवंगत मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या त्यांनीं त्यांत सांठविल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

मीं म्हटलें, “गुरुजी, उत्तर चुकलें तर आपण मुलांना काय करावयास सांगत होतां?”

“पहिल्या पायरीपासून ताळा पाहा, असें सांगत होतों.”

येथेंही रीत तीच. परीक्षा बाहेरून आंत करीत जावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या कीं गुण कशानें आला तें कळत नाहीं. प्रथम भिंतीवरील सॉकेट पाहावें: तेथें दुसरा दिवा लागतो काय? मग चार्जर. घरांतील 230 व्होल्टची वीज घेऊन तो लॅपटॉपला बहुधा 19 ते 20 व्होल्टची वीज पुरवितो. त्याची तार पिनेजवळ वारंवार वांकून आंतल्या आंत तुटते आणि वरून कांहीं दिसत नाहीं. चार्जरवरील दिवा लागला म्हणजे तो निर्दोष, असेंही समजूं नये. भार पडतांच त्याचा दाब खालीं येऊं शकतो. म्हणून दुसरा चार्जर लावून पाहावा. मात्र त्यावर छापलेले व्होल्ट मूळच्याइतकेच असावेत, अँपियर तितके किंवा अधिक असावेत, आणि पिनेची जात तीच असावी. चार्जर फोडून पाहण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. त्यांत जिवावर बेतणारी वीज असते.

एवढ्यानें जाग न आली तर चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी, आणि बटण तीस सेकंद दाबून धरावें. आंत अडकून राहिलेला विद्युद्भार त्यानें निचरून जातो. नंतर बॅटरीवांचून, केवळ चार्जरवर यंत्र सुरू करून पाहावें. कारण निकामी बॅटरी कधीं कधीं सबंध यंत्रास अडवून धरते. लिथियम-आयन बॅटरी वयानें झिजते, उष्णतेनें अधिकच लवकर झिजते, आणि सोलापूर जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबूं नये, टोंचूं नये व पुन्हां चार्जही करूं नये.

गुरुजींसाठीं कुर्डुवाडीच्या एका विद्यार्थ्याकडून जुळणारा चार्जर आणला, आणि दिवा लागला! पंखाही फिरला. पडदा मात्र काळाच राहिला. अंधाऱ्या खोलींत पडद्यावर टॉर्च तिरपा धरून पाहिला. पुसट चित्र दिसतें तर केवळ पडद्याचा उजेड गेला, असें ठरतें. तें दिसलें नाहीं. टीव्हीला जोडून पाहिलें. तेथेंही कांहीं नाहीं. सर्व वीज तोडून रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दांत खोडरबरानें हलकेच पुसले आणि ती पुन्हां बसविली. तरीही पडदा उजळला नाहीं.

दुकानदाराचें निदान अखेर खरें ठरलें. परंतु त्याचा उपदेश चुकीचाच होता. मदरबोर्ड मेला म्हणून हार्ड डिस्क मरत नाहीं. गुरुजींच्या लॅपटॉपांत ती अडीच इंची पेटी स्वतंत्र होती. चार स्क्रू काढून ती बाहेर काढली, बाजारांत मिळणाऱ्या साध्या आवरणांत बसविली, आणि नातवाच्या संगणकास जोडली. क्षणभरानें जात्याची घरघर ऐकूं आली, आणि तीमागून एका वृद्धेचा स्वर. गुरुजींनीं चष्मा काढून हातांत धरला. बराच वेळ कोणीं बोललें नाहीं.

त्या दिवशीं ओव्यांच्या तीन प्रती केल्या. पैकीं एक गुरुजींच्या कन्येच्या घरीं ठेविली. आपणही, श्रोतेहो, यंत्र चालूं आहे तोंवरच हें करावें. कित्येक नव्या लॅपटॉपांत ही सांठवण मदरबोर्डावरच पक्की जडविलेली असते, किंवा सांकेतिक कुलुपांत बंद असते. तेथें चार स्क्रूंनीं काम भागत नाहीं.

राहिला तो मृत लॅपटॉप. त्यांत शिशासारखीं विषारी द्रव्यें असूं शकतात, आणि बॅटरी भंगारांत चेंगरली तर पेट घेते. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम देशांत लागू झाले आहेत. त्यांस अनुसरून असें यंत्र नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया-केंद्राकडे पोंचेल अशी व्यवस्था करावी. मात्र तें घराबाहेर काढण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न अवश्य विचारावा: यंत्र गेलें खरें, पण त्यांत आपलें काय राहिलें आहे?