अवटू ग्रंथीचे आरोग्य : आयोडीन आणि सेलेनियम

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘थायरॉईड’ हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतही परिचयाचा झाला आहे. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. शरीराची वाढ, हृदयाची गती, अंगातील ऊब आणि गर्भातील बालकाच्या मेंदूची घडण या सर्वांवर तिच्या स्रावाचा प्रभाव असतो. या ग्रंथीला आयोडीन लागते, हे आपण शाळेत शिकलो. तिला सेलेनियम नावाचे आणखी एक द्रव्य लागते, ही माहिती मात्र अलीकडे पसरू लागली आहे आणि तिच्यामागोमाग सेलेनियमच्या गोळ्याही औषधांच्या दुकानांत आल्या आहेत. म्हणून या दोन द्रव्यांचे नाते समजून घेणे अगत्याचे आहे.

अवटू ग्रंथी जे मुख्य संप्रेरक तयार करते, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हे संप्रेरक म्हणजे जणू कोठारात भरलेले धान्य. ते दळल्याशिवाय भाकरी होत नाही. यकृत, मूत्रपिंड इत्यादी ठिकाणी त्यातील एक अणू काढून घेतला जातो, तेव्हा तीन अणूंचे खरे कार्यक्षम संप्रेरक तयार होते. हा अणू काढणारी जी विकरे आहेत, त्यांच्या घडणीत सेलेनियम असते. ही गोष्ट १९९० च्या सुमारास सिद्ध झाली. शिवाय संप्रेरक घडविताना ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड हे दाहक द्रव्य निर्माण होते. त्यापासून ग्रंथीचे रक्षण करणारी विकरेही सेलेनियमवरच अवलंबून आहेत. म्हणूनच शरीरातील इतर अवयवांच्या तुलनेत वजनाच्या मानाने सर्वाधिक सेलेनियम या ग्रंथीत आढळते.

मग सर्वांना सेलेनियम का देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेतील अनुभव देतो. त्या वेळच्या झाईरे देशाच्या उत्तर भागात लोकांना आयोडीन आणि सेलेनियम या दोहोंची उणीव होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे काही जणांना आधी केवळ सेलेनियम देण्यात आले. त्यांच्या रक्तातील संप्रेरक वाढले नाही, उलट घटले. विकरे जागी झाली आणि जो थोडासा साठा होता तोही झपाट्याने खर्ची पडला. कोठारात दाणा नसताना जाते फिरविण्यासारखेच हे झाले. आधी आयोडीन, मग सेलेनियम, हा क्रम त्यातून स्पष्ट झाला.

दुसरा धडा आपल्याच राज्यातील आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या परिसरात अनेक गावांतील लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून पडले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी बुरशीला. मूळचे जालना जिल्ह्यातील व विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले आणि त्यांनी शिधावाटपातील गव्हाकडे बोट दाखविले. धान्यातील सेलेनियम ते ज्या मातीत पिकते त्या मातीवर अवलंबून असते. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या भागांत अतिसेलेनियमयुक्त जमिनी आहेत, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ज्ञात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अवटू ग्रंथी मंदावली तरी केस गळतात आणि सेलेनियम अति झाले तरी केस गळतात. केस गळतात म्हणून ऐकीव सल्ल्याने सेलेनियमची गोळी घेणारा मनुष्य आगीत तेल ओतीत असण्याचा संभव आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे अपाय संभवतो. आपल्या ज्वारीत, तुरीच्या वरणात, अंड्यात व गोदावरीच्या मासळीत ते थोडथोडे असतेच. तेव्हा गोळीचा निर्णय रक्ताच्या तपासणीनंतर डॉक्टरांनीच करावा. आपल्या भागात सोयाबीन भरपूर पिकते. ज्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी ती उपाशीपोटी घ्यावी व त्याच वेळी सोयाबीनचे पदार्थ खाऊ नयेत, कारण त्यामुळे गोळी शरीरात नीट शोषली जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मिठाकडे, वळतो. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गलगंड हा केवळ हिमालयाच्या पायथ्याचा रोग आहे, ही समजूत पुढील पाहण्यांनी खोटी ठरविली. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना एक ग्रॅम मिठात किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असले पाहिजे. प्रौढांची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे आणि गर्भवतीची २५०. रक्तदाबाच्या भयाने मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंतच खावे, असा सल्ला आज दिला जातो व तो योग्यच आहे. म्हणून मीठ वाढवावयाचे नसून मिठातील आयोडीन टिकवावयाचे आहे.

ते कोठे नाहीसे होते? दुकानापुढे पावसात भिजणाऱ्या उघड्या पोत्यात, चुलीशेजारच्या झाकण नसलेल्या बरणीत, आणि जनावरांसाठी आणलेले खडे मीठ माणसांच्या आमटीत पडते तेथे. आरोग्यदायक म्हणून विकल्या जाणाऱ्या सैंधवातही बहुधा पुरेसे आयोडीन नसते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, २१ ऑक्टोबर या जागतिक आयोडीन न्यूनता दिनाच्या सुमारास मुलांना घरचे चिमूटभर मीठ आणावयास सांगावे आणि आशा कार्यकर्तीच्या तपासणी संचाने त्याची परीक्षा करावी. द्रावणाचा थेंब पडताच मीठ निळेजांभळे झाले तर त्यात आयोडीन आहे. ज्या घरचे मीठ पांढरेच राहील, त्या घरी मूलच निरोप पोहोचवील. ग्रामपंचायत सदस्यांनी आठवडी बाजारातील व दुकानातील मीठ बंद पिशवीतून विकले जाईल हे पाहावे. अधिकाऱ्यांनी शिधावाटपाच्या धान्याबद्दल तक्रार आली तर ती क्षुल्लक मानू नये, नमुना तपासणीस पाठवावा. आणि गर्भवती भगिनींची अवटू ग्रंथीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत वेळेवर होईल याची काळजी आपण सर्वांनी घ्यावी. कारण गर्भात आयोडीनअभावी मेंदूची जी हानी होते, ती पुढे कोणत्याही गोळीने भरून येत नाही.

सेलेनियमचे महत्त्व खरे आहे, पण ते साहाय्यकाचे आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक स्वयंपाकघरात आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत ठेवले जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.