कुळाचा वारसा आणि कर्करोग



गोंदिया जिल्ह्यांत 'सिकलसेल' हा शब्द आतां कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. शाळांतून मुलांचें रक्त तपासलें जातें, आणि लग्न जमवितांना दोन्ही घरांनीं तपासणीचें कार्ड पाहावें, असें आरोग्यसेवक सांगतात. आईबापांपासून मुलांस रोग कसा येतो, याचें प्राथमिक शिक्षण या जिल्ह्यानें घेतलेलेंच आहे. त्याचा पुढचा धडा आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. स्नायू, चरबी, मज्जातंतूंचीं आवरणें अशा मृदु भागांचा कर्करोग कांहीं घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कां दिसतो, हा तो धडा होय.

या रोगास सार्कोमा म्हणतात. तो विरळा आहे. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास असतें, मुलांत तें अधिक असतें. बहुतेक रोग्यांच्या घरीं दुसऱ्या कोणास तो झालेला नसतो, हें प्रथमच सांगितलेलें बरें. नाहीं तर एकास गांठ आली कीं सारें कुटुंब भयभीत व्हावयाचें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील फ्रेडरिक ली व जोसेफ फ्रॉमेनी या दोन वैद्यकशास्त्रज्ञांनीं चार कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरांत लहान भावंडांस किंवा चुलत-मावस भावंडांस सार्कोमा झाला होता, आणि जवळच्या नातलगांत तरुण वयांतच स्तनाचा वा अन्य अवयवांचा कर्करोग दिसत होता. रोग निराळे, अवयव निराळे. मग मूळ एक कसें? उत्तर मिळावयास एकवीस वर्षें लागलीं. १९९० सालीं डेव्हिड मॅल्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अशा घराण्यांत 'टीपी ५३' नांवाच्या जनुकांत जन्मतःच बिघाड असतो.

हें जनुक म्हणजे पेशीचा पहारेकरी. पेशीच्या जनुकद्रव्यास इजा झाल्यास तें तिचें विभाजन थांबवितें, आणि दुरुस्ती न झाल्यास ती पेशीच नष्ट करवितें. प्रत्येक पेशींत याच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. एक जन्मतःच सदोष असेल तर पहाऱ्याचें काम उरलेल्या एकीवर येतें. पुढें एखाद्या पेशींत तीही बिघडली, कीं तेथें कर्करोगास वाट मोकळी होते.

येथें सिकलसेलशीं असलेला भेद ध्यानांत घ्यावा. सिकलसेलचा आजार होण्यास दोन्ही पालकांकडून सदोष जनुक यावें लागतें. टीपी ५३ च्या बाबतींत एका पालकाकडून आलेलें पुरेसें आहे, आणि तें प्रत्येक अपत्यास मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. बापही तें आईइतकेंच देतो. तेव्हां सुनेच्या माथीं दोष मारण्यास विज्ञानांत मुळींच आधार नाहीं. वारशानें रोगाकडे असलेला कल येतो. रोग केव्हां व कोठें प्रकटेल, तें आधीं सांगतां येत नाहीं. मात्र हा कल बलवान्‌ असतो. सत्तरी येईपर्यंत अशा बहुतेक व्यक्तींस एखादा तरी कर्करोग गांठतो.

आमच्या समाजांत हा वारसा नजरेंतून सुटण्यास खास कारण आहे. गोंदियाच्या मुली बालाघाटला, राजनांदगांवला, नागपुरास दिल्या जातात. आडनांव बदलतें, आणि आत्याच्या आजाराची आठवण आत्याच्या सासरींच राहते. शिवाय उपवर मुली घरांत असल्या, कीं कर्करोगाचें नांवही उच्चारलें जात नाहीं. 'पोटाचा विकार' एवढ्यावर भागविलें जातें. पुढें पुतण्याच्या मांडीला गांठ येते, डॉक्टर घराण्याची माहिती विचारतात, आणि सांगावयास कोणाजवळ कांहीं नसतें.

या माहितीवर पुष्कळ अवलंबून असतें. सदोष टीपी ५३ असणाऱ्यांस किरणोपचारानें नवा कर्करोग होण्याचा धोका अधिक. म्हणून शक्य तेथें डॉक्टर दुसरा उपाय निवडतात. कॅनडांतील टोरांटो येथें आरंभलेल्या पद्धतींत अशा व्यक्तींची नियमानें रक्त, सोनोग्राफी व एम्‌.आर्‌.आय्‌. तपासणी होते. २०१६ सालच्या अहवालाप्रमाणें, या तपासणींत राहिलेल्यांत पांच वर्षें जगण्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ८९ होतें. न राहिलेल्यांत सुमारें ६०.

म्हणून प्रत्येक घरानें एक वही करावी. तींत आईच्या व वडिलांच्या, दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नोंद असावी: कोणास कोणता कर्करोग झाला, आणि कोणत्या वयांत. सासरीं गेलेल्या मुलींस वगळूं नये. पंचेचाळिशीच्या आंत सार्कोमा, आणि जवळच्या नातलगांतही तरुणपणीं कर्करोग, असें आढळल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचें कर्करोग-आनुवंशिकतेचें स्वतंत्र चिकित्सालय आहे. रक्ततपासणीपूर्वीं तिचे परिणाम समजावून घ्यावे. ती करावी कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. आणि वहींत कांहीं नसलें तरी, वाढत जाणारी गांठ दुखत नाहीं म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करूं नये.

धानाच्या बांधीचा सात-बारा आपण पेटींत जपून ठेवतों. हा दुसरा वारसाही तसाच लिहून ठेवावा, एवढीच विनंति.