वाहनाची नोंद आणि शिक्षकाची जबाबदारी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला एखादा गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येतो, आपण ते जीर्ण पान उलगडतो आणि तेथे जे लिहिले असेल तेच प्रमाण मानतो. नोंदीची किंमत शिक्षकास समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच आज मी आपणांपुढे एका निराळ्या नोंदवहीचा विषय मांडणार आहे. ती वही आहे वाहनांची, वाहनचालकांची आणि वाहतुकीच्या नियमभंगाची. आपणांपैकी बहुतेकांजवळ दुचाकी आहे, आणि वर्षातून एकदा तरी आपण मुलांना भाड्याच्या गाडीत बसवून सहलीस नेतो. तथापि ही वही उघडून पाहण्याची सवय आपल्याला नाही. मलाही नव्हती.

प्रथम माझीच चूक सांगतो. सन २०१२ मध्ये मी माझी मोटारसायकल शेजारच्या गावातील एका परिचितास विकली. पैसे घेतले, फॉर्म २९ व ३० वर सह्या केल्या आणि ‘नावावर करून घ्या’ असे सांगून मोकळा झालो. पुढे २०२१ साली माझ्या भ्रमणध्वनीवर चलानाचा संदेश आला. शहरातील एका चौकात हेल्मेटविना दुचाकी चालविल्याचे ते चलान होते. मी त्या शहरात गेलोच नव्हतो. संकेतस्थळावर पाहिले, तेव्हा छायाचित्रात गाडी माझीच होती, क्रमांकही माझाच होता. चालविणारा तरुण माझ्या ओळखीचा नव्हता आणि त्याच्या मागे सात-आठ वर्षांची एक मुलगी उघड्या डोक्याने बसली होती. नऊ वर्षे ती गाडी माझ्याच नावावर फिरत होती.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकले असता विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निर्णयात स्पष्ट केले आहे की, नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि अपघाताची नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे त्या मुलीस काही इजा झाली असती, तर दोषाचा भार माझ्यावरही आला असता, आणि तो अन्यायाने आला असे मला म्हणता आले नसते. दंडाची रक्कम मी भरली. गाडी सध्या कोणाकडे आहे ते शोधून तिचे हस्तांतरण पूर्ण करून घेतले. आपणांपैकी ज्यांनी जुनी गाडी भाच्याला, पुतण्याला किंवा ओळखीच्या माणसाला दिली असेल, त्यांनी आज घरी जाऊन तिची नोंद पाहावी.

आता ती कशी पाहावयाची ते सांगतो. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आपण ज्यास सरसकट ‘गाडीचे रेकॉर्ड’ म्हणतो, त्यात वस्तुतः तीन नोंदी असतात.

पहिली नोंद वाहनाची. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत ती असते. भ्रमणध्वनीवरील ‘एम-परिवहन’ या सरकारी ॲपमध्ये गाडीचा क्रमांक घातला म्हणजे नोंदणी केव्हा झाली, पासिंगची म्हणजे योग्यता प्रमाणपत्राची मुदत कोठवर आहे, विमा व पी.यू.सी. चालू आहेत की संपले, हे दिसते. मालकाचे पूर्ण नाव तेथे दाखवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

दुसरी नोंद चालकाची. ती ‘सारथी’ या नोंदवहीत असते. लायसन्सचा क्रमांक आणि जन्मतारीख घातल्यावर लायसन्स चालू आहे की नाही, कोणत्या वर्गाचे वाहन चालविण्यास ते दिले आहे व त्याची मुदत कधी संपते, हे समजते. लायसन्सचा क्रमांकही वाचता येतो. पहिली अक्षरे राज्याची, त्यानंतरचे दोन अंक परिवहन कार्यालयाचे, पुढील चार अंक ते प्रथम मिळाले त्या वर्षाचे. एम.एच. १० पाहिले की सांगली, एम.एच. ११ पाहिले की सातारा, इतके तर आपले विद्यार्थीही सांगतील.

तिसरी नोंद चलानाची. महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे अखेरचे चार अंक घालावयाचे असतात. हे अंक आर.सी. बुकावर असतात. मग नियमभंगाची तारीख, ठिकाण, प्रकार, रक्कम, दंड भरला की थकला, हे सारे दिसते. बहुधा छायाचित्रही असते. दुसऱ्या राज्यात झालेली चलाने पाहण्यासाठी केंद्राच्या परिवहन मंत्रालयाचे ई-चलान संकेतस्थळ आहे. चलान चुकीचे वाटल्यास त्याच ठिकाणी तक्रार नोंदविण्याची सोय असते. ती करावी, परंतु स्वस्थ बसू नये. थकलेले चलान न्यायालयाकडे जाऊ शकते.

आपण म्हणाल, गाडीवर एकही चलान नाही, म्हणजे गाडी चांगली आणि चालकही चांगला. येथेच चूक होते. कॅमेऱ्यास दिसते ती क्रमांकाची पाटी. स्टिअरिंगवर कोण आहे हे त्यास कळत नाही. म्हणून असे चलान गाडीच्या नावे निघते. उद्या त्याच गाडीवर दुसरा चालक आला तर मागील चलानांवरून त्याच्याविषयी काहीच सांगता येणार नाही. शिवाय आपल्या आडवाटेच्या रस्त्यांवर कॅमेरे कोठे आहेत? जी गाडी कधी शहरात गेलीच नाही, तिची पाटी कोरी असणारच. कोरी वही आणि निर्दोष वही यांतील फरक शिक्षकाइतका दुसऱ्या कोणास कळणार?

उलट पक्षी, चलानांची संख्या मोजून माणसास दोषी ठरवू नये. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याची चार चलाने आणि भरधाव गाडी हाकल्याचे एक चलान, यांत मला त्या एकाचीच चिंता अधिक वाटेल.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेत घडलेला प्रसंग सांगतो. सहल ठरली होती, वर्गणी जमली होती, मुलांनी पिशव्या भरून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी तेथील एका तरुण शिक्षिकेने गाडीमालकाकडे कागद मागितले. तो हसून म्हणाला, “बाई, इतकी वर्षे हीच गाडी पोरं नेते आहे.” बाईंनी तेथेच भ्रमणध्वनीवर क्रमांक घालून पाहिले. विमा संपून चार महिने झाले होते. मुख्याध्यापकांनी सहल पुढे ढकलली. मुले रडली, काही पालक रागावले. आठ दिवसांनी एस.टी.च्या गाडीने सहल गेली.

त्या खाजगी गाडीस त्या दिवशी कोठेही अपघात झाला नाही. म्हणून काहींनी बाईंना ऐकविलेही, की उगाच मुलांचा हिरमोड केलात. मी मात्र त्यांचा निर्णय योग्यच मानतो. विमा नसलेल्या गाडीस अपघात झाला तर भरपाईचा सारा बोजा मालकावर पडतो. त्याच्याजवळ नसेल तर कोर्टाचा हुकूम हाती असूनही मजुरी करणाऱ्या आईबापांना दवाखान्याच्या खर्चासाठी दारोदार फिरावे लागते. पालक आपले मूल गाडीमालकाच्या हवाली करीत नाहीत. ते आपल्या हवाली करतात.

म्हणून माझी विनंती अशी की, सहलीच्या फाइलमध्ये यापुढे एक कागद अवश्य लावावा. त्यावर गाडीचा क्रमांक, पासिंग, विमा व पी.यू.सी. यांच्या मुदती, थकलेली चलाने आणि चालकाच्या लायसन्सची मुदत, इतकेच लिहावे. पाटी पिवळी व अक्षरे काळी आहेत ना, हेही पाहावे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालविण्यासाठी नसते. चालकाची जन्मतारीख व लायसन्स त्याच्या परवानगीने, त्याच्यासमोरच पाहावे. ही चौकशी आहे, उलटतपासणी नव्हे. चांगला चालक स्वतःहून कागद पुढे करतो, हा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी. ‘आपले चलान थकले आहे’ असा संदेश पाठवून सोबत एखादी फाइल उघडावयास लावणारे भामटे सध्या फार झाले आहेत. ती फाइल उघडताच बँकेतील पैसे जातात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ असा संपतो. संदेशातील दुव्यावर न जाता आपण स्वतः तो पत्ता लिहून चलान पाहावे. फसगत झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. हे पालकसभेतही सांगावे. गावात विचारावयास लोक शेवटी शाळेतच येतात.

बंधुभगिनींनो, त्या छायाचित्रातील मुलगी कोणाची, कोणत्या शाळेत जाणारी, हे मला कधीच कळले नाही. परंतु नोंद पाहण्याचा कंटाळा आला की ती मला आठवते. आपण मुलांच्या हजेरीची नोंद रोज घेतो. ज्या गाडीत त्यांना बसवावयाचे, तिची नोंद वर्षातून एकदा तरी पाहू या. यास पाच-दहा मिनिटे पुरतात.