मुक्कामाचे गाव : ले सोमाय
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



बंदर म्हटले की मराठी मनापुढे समुद्र उभा राहतो. फ्रान्सच्या दक्षिणेस ले सोमाय नावाचे एक बंदर आहे. तेथे समुद्र नाही आणि नदीही नाही. आहे तो माणसांनी खणलेला कालवा. त्यावर कमानीचा दगडी पूल, जवळच लहानसे प्रार्थनामंदिर, जुनी पांथशाळा, बर्फ साठवण्याचे जाड भिंतींचे घर आणि काठाला ओळीने लागलेल्या नौका. गाव एवढेच. सरकारदरबारी तर ते स्वतंत्र गावही नव्हे. त्याची मोजकी घरे शेजारच्या तीन गावांच्या हद्दींत विभागलेली आहेत.

शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, १६६६ च्या ऑक्टोबरात, चौदाव्या लुईने या कालव्याच्या बांधकामाचा आदेश काढला. कल्पना पिएर-पॉल रिके याची. हा गृहस्थ स्थापत्यविशारद नव्हता, मिठावरील कराचा मक्तेदार होता. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटर कालवा खणणे कष्टाचे खरे, पण खरा पेच निराळाच होता. मध्ये उंचवटा आहे. त्याच्या माथ्यावर पाणी आणायचे कोठून? रिकेने काळ्या पर्वतातील ओढे वळवले, सेंत-फेरेओल येथे धरण बांधून पाणी साठवले आणि ते नोरूझच्या खिंडीत आणून सोडले. तेथून ते आजही दोन्ही दिशांना उतरते. ऐन भरात बारा हजारांच्या आसपास मजूर कामावर होते आणि त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. रिके १६८० च्या ऑक्टोबरात कर्ज मागे ठेवून वारला. कालवा खुला झाला पुढल्या मे महिन्यात.

ले सोमाय जन्मास आले ते या कालव्यावरील प्रवासाच्या संथपणातून. घोड्यांनी ओढलेली टपालनौका तुलूझहून समुद्राजवळच्या आग्द गावी चार दिवसांत पोहोचत असे. रात्रीचे मुक्काम तीन : कास्तेलनोदारी, त्रेब आणि ले सोमाय. दिवसभर पाण्यावर बसून आंबलेला प्रवासी येथे उतरे, प्रार्थना करी, जेवी, निजे. पांथशाळा आणि प्रार्थनामंदिर या दोहोंचे प्रयोजन त्या एका रात्रीपुरते. मजल-दरमजल चालणाऱ्या वाटसरूंवर जगलेली गावे आपल्याकडेही थोडी नाहीत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी आली आणि मुक्कामाची गरजच सरली. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की १८५८ मध्ये सरकारने हा कालवा चाळीस वर्षांच्या कराराने रेल्वे कंपनीच्याच हाती दिला. प्रतिस्पर्ध्यालाच राखणदार नेमल्यावर कालव्याची भरभराट कोण करणार? मालाचे पडाव त्यानंतरही बराच काळ चालले, पण विसाव्या शतकाच्या अखेरीकडे तेही थांबले. १९९६ मध्ये युनेस्कोने कालव्याला जागतिक वारशाचा मान दिला.

आज गाव पुन्हा मुक्कामावरच जगते. सुटीसाठी आलेली कुटुंबे भाड्याची नौका घेतात. त्यासाठी परवाना लागत नाही. धक्क्यावर थोडेसे शिक्षण मिळते, की आई-वडील नावाडी आणि मुले खलाशी. वेगाची मर्यादा ताशी फार तर ८ किलोमीटर. काठावरून सायकलने जाणारे पोर सहज पुढे निघून जाते. ले सोमायच्या अलीकडे-पलीकडे मिळून सुमारे ५४ किलोमीटरच्या पल्ल्यात एकही जलपाश नाही, म्हणजे पाणी भरून वा सोडून नौका वर-खाली करणारे दरवाजे नाहीत. त्यामुळे दुपारभर काहीच घडत नाही. मुले आरंभी कंटाळतात, मग पाण्याकडे पाहू लागतात. गावात जुन्या पुस्तकांचे एक प्रचंड दुकान आहे. वाचणारा माणूस तेथे शिरला, की नौका त्या दिवशी पुढे जात नाही.

परंतु या सुखाला एक बोचरी बाजू आहे. कालव्याच्या काठी प्लेन जातीचे सुमारे बेचाळीस हजार वृक्ष होते, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले. त्यांची मुळे काठ धरून ठेवत आणि फांद्या पाण्यावर मांडव घालत. त्यांना जडलेला बुरशीचा रोग या कालव्यावर प्रथम २००६ मध्ये आढळला. त्यावर उपाय नाही. झाड कापून जाळावे लागते, शेजारची निरोगी दिसणारी झाडेही. अर्ध्याहून अधिक वृक्ष गेले आहेत. बुरशी पाण्याबरोबर पसरते, तशीच नौकांबरोबरही पसरते : उघड्या मुळांवर घासणारा नौकेचा तळ आणि बुंध्याला आवळलेला दोर यांनी साल खरवडते व रोगाला दार उघडते. ज्या सावलीसाठी प्रवासी येतो, तिच्या मुळावर तोच येतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, म्हणून तर ते अधिक अवघड आहे.

आता झाडाला नौका बांधण्यास मनाई आहे. तुटलेल्या रांगांच्या जागी तुर्की ओक आणि इतर जातींची रोपे लावली जात आहेत. एकाच जातीवर विसंबण्याची चूक पुन्हा नको, म्हणून मुद्दाम निरनिराळी. त्यांची सावली पाण्यावर पडायला कित्येक दशके लागतील. तोवर काठाचे काही भाग उन्हात उघडे राहतील आणि छायाचित्रे पाहून आलेला पाहुणा हिरमुसेल. संध्याकाळी धक्क्यावर जागा उरली नसेल, तर नौकेवरचे थोरले मूल हातोडा घेऊन काठावर उतरते, लोखंडी मेख मातीत ठोकते आणि दोर तिला बांधते.